उसावर हवा बसते

आमच्या भागात विमान पाडायला उसाइतकी वाईट जागा दुसरी नाही. ज्वारीत पडलं तर चार धाटं मोडतात, मालकाचे दोन शब्द ऐकून घ्यावे लागतात, पण विमान हाती लागतं. हरभऱ्यात पडलं तर बूट आंबेनं ओले होतात, एवढंच. एकदा विहिरीत पडलेलं आम्ही गळ टाकून काढलं, मोटर उन्हात वाळवली आणि ती अजून चालते. बाभळीवरचं काढताना विमानापेक्षा माणूस जास्त फाटतो. ऊस मात्र गिळतो. पंधरा महिन्यांचा आडसाली ऊस, आपल्या डोक्यावर पाच-सहा फूट, खाली पाचटाचा थर. त्यात विमान उभं शिरलं की वरची पानं पुन्हा मिटतात आणि शेत असं उभं असतं की जसं काही झालंच नाही.

माझं चष्म्याचं दुकान आहे, सातारा जिल्ह्यात, कृष्णाकाठच्या एका बाजाराच्या गावात. सोमवार ते शनिवार लोकांचे नंबर काढतो आणि रविवारी सकाळी गावाबाहेरच्या माळावर रिमोटची विमानं उडवतो. ‘रिमोटची विमानं’ हा शब्द आमच्यातल्या पुष्कळांना कमीपणाचा वाटतो, त्यांना ‘एरोमॉडेलिंग’ हवं असतं. मला चालतो. गिऱ्हाइकाला तो लगेच कळतो आणि कळल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "केवढ्याला पडतं?" त्याचं खरं उत्तर मी अजून घरातसुद्धा दिलेलं नाही.

सुरुवात पुण्यात झाली, कॉलेजात, १९९३ साली, एनसीसीच्या एअर विंगमध्ये. तेव्हा आमच्या हाती रेडिओ नव्हता, दोन पोलादी तारा होत्या. कंट्रोल लाइन म्हणतात त्याला. मैदानाच्या मध्यावर उडवणारा उभा, त्याच्या हातात एक मूठ, मुठीपासून पन्नास-साठ फूट लांबीच्या दोन बारीक तारा विमानाच्या डाव्या पंखात शिरलेल्या. मूठ वर वाकवली की शेपटीवरची पट्टी वर उचलते आणि विमान चढतं, खाली वाकवली की उतरतं. डावं-उजवं असं काही नाहीच, कारण विमान आपल्याभोवती गोल फिरत असतं आणि आपण त्याच्याबरोबर. पहिल्या दिवशी इंधन संपेपर्यंत माझं विमान व्यवस्थित उडालं, व्यवस्थित उतरलं आणि मग मी पडलो.

इंजिन अंगठ्याएवढं, म्हणायला डिझेल, पण पंपावरच्या डिझेलशी त्याचं नातं नाही. इथर, रॉकेल आणि एरंडेल साधारण समसमान घालून ते इंधन बनायचं. ठिणगीचा प्लग नाही. सिलिंडरच्या डोक्यावर एक आडवा दांडा, तो पिळून दाब वाढवायचा आणि बोटानं पंखा झटकायचा, की दाबानंच इंधन पेटतं. पंखा उलटा झटका द्यायचा तेव्हा बोटाची कातडी निघायची. लहानपणी श्रावणात जुलाबासाठी ज्यांनी एरंडेल प्यायलंय त्यांना त्या धुराचा वास सोसणार नाही. मीही प्यायलोय. पण आजही कुठे एरंडेलाची बाटली उघडली की मला पोटात ढवळत नाही, मला कवायतीचं मैदान आणि डाव्या मनगटावरचं ओरखड्यांचं जाळं आठवतं.

मग वीस वर्षं काही नाही. दुकान, लग्न, मुलीची शाळा. २०१४ साली एका पोरानं, म्हणजे माझ्याकडे चष्मा करायला आलेल्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यानं, मोबाइलवर त्याचं विमान दाखवलं आणि मी त्याच्याकडून पैसे घ्यायचे विसरलो. इंधन नाही, वास नाही. ए२२१२ नावाची ब्रशलेस मोटर, तिला वीज मोजून देणारी ३० अँपिअरची ईएससी, पंख-शेपटीच्या पट्ट्या हलवणारे ९ ग्रॅमचे सर्वो, ११.१ व्होल्टची लिपो बॅटरी आणि २.४ गिगाहर्ट्झचा रिमोट. पूर्वी रेडिओची विमानं क्रिस्टल बसवून ठरवलेल्या चॅनलवर चालायची. मैदानात दोघांचा चॅनल एकच निघाला की एकाच्या हातातलं विमान दुसऱ्याचं ऐकायला लागायचं आणि दोघांची मैत्री तिथेच संपायची. आता रिसीव्हर फक्त स्वतःच्याच रिमोटला ओळखतो. भांडणाचं तेवढं एक कारण गेलं.

सांगाडा बाल्साच्या लाकडाचा करावा असं जुने लोक म्हणतात आणि खरं म्हणतात. इक्वाडोरहून येणारं ते लाकूड हातात घेतलं की आपण रिकामा हात उचलला असं वाटतं. पण शिकताना बाल्सा म्हणजे साडीचं कापड घेऊन पायपुसणं शिवण्यासारखं. माझं पहिलं विमान नळ्यानळ्यांच्या प्लॅस्टिक बोर्डाचं होतं, ज्याच्यावर पाट्या छापतात ते. विधानसभेच्या निवडणुकीनंतर उतरवलेले दोन बोर्ड फ्लेक्सवाल्याकडून मिळाले. सायकलच्या स्पोकचे दांडे, पंखात बांबूची पट्टी, हॉट ग्लू आणि चिकटपट्टी. उजव्या पंखाखाली उमेदवाराचा एक डोळा आणि अर्धी मिशी आली होती. त्यांचं डिपॉझिट गेलं होतं. विमानाचंही पंचवीस सेकंदांत गेलं.

का गेलं ते मला त्याच क्षणी कळलं, कारण मी चष्मेवाला आहे. विमान आपल्यापासून दूर जात असतं तोवर सगळं सोपं असतं: रिमोटची काडी उजवीकडे, विमान उजवीकडे. ते वळून आपल्याकडे यायला लागलं की त्याचं उजवं ते आपलं डावं होतं. आपल्या डावीकडचा पंख खाली गेलेला दिसतो, आपण घाबरून काडी उजवीकडे ओढतो, तो पंख आणखी खाली जातो, आणखी ओढतो, आणि माती. माझ्या दुकानाची तपासणीची खोली तीन मीटरची आहे. नंबर काढायला सहा मीटर लागतात. म्हणून तक्ता गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे लावलाय, अक्षरं उलटी छापलेला, आणि समोर आरसा. गिऱ्हाईक आरशात पाहतं तेव्हा अक्षरं सुलटी होतात. मी रोज त्या दोन्हींच्या मध्ये उभा असतो, मला उलटंही दिसतं आणि सुलटंही. इतकी वर्षं आरशात उभं राहूनसुद्धा विमान तोंडावर आलं तेव्हा हात चुकलाच.

यावर एक युक्ती आहे, ती त्या विद्यार्थ्यानं शिकवली. समोरून येणाऱ्या विमानाचा जो पंख पडताना दिसेल त्याच बाजूला काडी न्यायची, पडत्या पंखाला खालून टेकू द्यावा तशी. डावं-उजवं हा विचारच करायचा नाही. सहा महिने मी संगणकावरच्या सिम्युलेटरवर विमानं आपटत होतो. बायको बाजूला भाजी निवडत बसायची आणि दर आपटण्याला एक शेंग मोजायची. नंतर कधी तरी हाताला ते कळलं. डोक्याला अजून कळलेलं नाही, उडवताना कुणी विचारलं, "आत्ता तुम्ही कुठली काडी दाबली?" तर मला सांगता येत नाही.

बाकी चुकांची यादी लांब आहे आणि कंटाळवाणी आहे. एक मात्र सांगायला हवी, ती म्हणजे तोल. पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण पाव ते तिसरा हिस्सा मागे दोन बोटं लावून विमान उचलायचं. ते सपाट राहिलं किंवा नाकाकडे किंचित झुकलं तर ठीक. नाक जड असलेलं विमान रडतखडत उडतं, शेपटी जड असलेलं एकदाच उडतं, असं या छंदातले लोक म्हणतात. मी शेपटीला जास्तीचा डिंक लावून ते स्वतः तपासून पाहिलंय. शेपटीला लावलेला पाच ग्रॅमचा डिंक नाकात पंधरा-वीस ग्रॅम मागतो, कारण शेपटीचा हात लांब असतो. तेव्हापासून सोनारमित्राकडचा जुना काटा माझ्या टेबलावर आहे. त्यानं देताना विचारलं, "काय तोलणारेस?" मी म्हटलं, "डिंक." त्यानं पुढे विचारलं नाही.

पावसाळा हा आमचा बांधणीचा हंगाम. जून ते सप्टेंबर माळावर चिखल, वर वारा पिसाळलेला. त्या महिन्यांत दुकान बंद केल्यावर वरच्या खोलीत दिवा जळतो. एका पावसाळ्यात मी पुस मॉथ करायला घेतलं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला उतरवलं ते विमान, डी हॅविलंड पुस मॉथ. वर पंख, एकच इंजिन, अंगानं सडपातळ. खऱ्याचा पंख ११.२ मीटर, माझा आठव्या हिश्शाचा, १.४ मीटर. आता गंमत इथे आहे. लांबी आठव्या हिश्शाची केली की पंखाचं क्षेत्रफळ आठ गुणिले आठ, म्हणजे चौसष्टाव्या हिश्शाचं होतं, आणि वजन आठाचा घन, म्हणजे पाचशे बाराव्या हिश्शाचं. भरलेलं पुस मॉथ साधारण ९३० किलोंचं; त्याचे ५१२ भाग केले तर १.८ किलो येतात. माझं भरलं १.३ किलो. म्हणून लहान विमान मोठ्याच्या मानानं पिसासारखं असतं आणि खूप हळू उडू शकतं. आणि म्हणूनच ज्या झुळकीची खऱ्या पुस मॉथला दखलही घ्यावी लागली नसती ती माझ्या पुस मॉथला उलथं करते. हवा तीच, तिच्यासमोर आपण केवढे, यावर ती कशी वागणार ते ठरतं.

त्याच टाटांनी त्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली म्हणून १९८२ साली, वयाच्या ७८व्या वर्षी, तोच मार्ग लेपर्ड मॉथमधून पुन्हा उडवला. ऑक्टोबरमध्येच. मला हे फार उशिरा जाणवलं, की माझंही सगळं बरंवाईट ऑक्टोबरमध्ये होतं.

माळाला लागून आबांची जमीन आहे. आबा आता अठ्ठ्याहत्तरचे. पहिल्या वर्षी ते बांधावर बसून नुसते बघायचे. एकदा मी सकाळी दहाला उडवत होतो, विमान प्रत्येक फेरीत एकाच जागी हबकल्यासारखं खाली बसत होतं. मी ट्रिम, म्हणजे पट्ट्यांची मूळ जागा, बदलली, काडीची हालचाल कमी केली, खाली उतरवून पंख तपासला.

आबा म्हणाले, "इमानाला काय झालं न्हाई. तू उसावनं आणतुयास."

"मग?"

"उसावर हवा बसती."

त्यांना एरोडायनॅमिक्स कोण शिकवणार? ते आयुष्यभर धान्य उपणत आलेले. मळणीयंत्र यायच्या आधी तीन पायांच्या उंच घोडीवर उभं राहून पाटीतलं धान्य वाऱ्यावर सोडायचं. दाणा सरळ खाली, भूस बाजूला. वारा खोटा निघाला तर भूस परत राशीवर. वारा कुठल्या घटकेला उठतो, कुठल्या घटकेला फिरतो आणि कधी नुसता हूल देतो हे ज्याला कळत नाही त्यानं पाटी उचलूच नये. मी घरी जाऊन वाचलं तेव्हा आबांचं वाक्य तिथे लांबलचक होऊन बसलेलं सापडलं. उसाच्या पानांतून दिवसभर पाण्याची वाफ निघते, ऊन त्या वाफेतच खर्च होतं, वरची हवा गार आणि जड राहते. शेजारी नांगरून टाकलेली काळी जमीन असेल तर ती तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन सुटते आणि वर चढते. तिची जागा घ्यायला उसावरची हवा खाली उतरते आणि बाजूला सरकते. त्या वर चढणाऱ्या हवेलाच थर्मल म्हणतात. एकीकडे चढ, एकीकडे उतार. आपल्याला माळ सपाट दिसतो, पण त्याच्यावर दहा वाजल्यापासून चार वाजेपर्यंत टेकड्या आणि दऱ्या उभ्या असतात, आणि त्या चालत असतात.

ते वाक्य ऐकल्यापासून मी मोटरची विमानं कमी केली आणि ग्लायडर घेतला. दोन मीटर पंख, नाकात घडी होणारा पंखा. मोटर तीस सेकंद चालवायची, उंची घ्यायची, बंद करायची आणि मग कान आणि डोळे उघडे ठेवून हिंडायचं. शांत हवेत तो सेकंदाला अर्धा मीटर खाली येतो, म्हणजे शंभर मीटरवरून सोडला तर तीन-साडेतीन मिनिटांत पायाशी. थर्मल सापडली तर तासभर. मग प्रश्न एकच, ती कुठे आहे? हवा दिसत नाही असं शाळेत शिकवतात. ते अगदीच खरं नाही. घारी पंख न हलवता घिरट्या घेत असतात, तिथे ती असते. त्याच्या आधी पाकोळ्या दिसतात, कारण जमिनीवरचे किडे हवेबरोबर वर ओढले जातात आणि त्या मागे येतात. रुईच्या म्हाताऱ्या जमिनीलगत आडव्या जाताना अचानक उभ्या चढायला लागतात. दूर कुणी पाचट पेटवलं असेल तर धूर एका बाजूला झुकता झुकता मध्येच सरळ होतो. गालावरची झुळूक थांबते, आणि मिनिटभरानं उलट्या दिशेनं येते, कारण आपल्या पाठीमागे कुठे तरी हवा सुटलेली असते आणि सगळी हवा तिच्याकडे धावत असते.

ग्लायडर स्वतःही सांगतो. जाता जाता त्याचा एक पंख उगीच उचलला जातो. नवशिक्याला वाटतं, वाऱ्यानं वाकडं केलं, सरळ करावं. खरं तर ज्या बाजूचा पंख उचलला त्याच बाजूला थर्मल आहे. ती विमानाला बाहेर ढकलतेय आणि आपण हट्टानं तिच्याकडेच वळायचं असतं. हे जमलं त्या दिवशी मी एका घारीच्या खालच्या मजल्यावर अकरा मिनिटं फिरलो. घारीनं दोनदा मान वाकडी करून पाहिलं. तिला आमचं काही कौतुक नव्हतं.

मधल्या काळात माझी चाळिशी वाढली आणि मी स्वतःला प्रोग्रेसिव्ह काच लावली. दुकानात उत्तम. माळावर मान वर केली की डोळा काचेच्या खालच्या, वाचायच्या भागातून आकाश पाहायला लागतो आणि विमान विरघळतं. म्हणून उडवायला नुसत्या लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा केला. आता विमान दिसतं, रिमोटचा पडदा दिसत नाही. बॅटरी किती उरली ते बीपवर ऐकतो. लोकांना दोन चष्मे वापरा म्हणून पंचवीस वर्षं सांगत आलो, ते का ऐकत नाहीत हे तेव्हा समजलं.

आणखी एक गोष्ट, कारण लोक विचारतात. २०२१च्या ड्रोन नियमांत आमच्यासारख्यांनाही जागा आहे: २५ किलोंपर्यंतचं, शिकण्यासाठी किंवा छंदासाठी, डोळ्यांना दिसेल एवढ्या अंतरात उडवलेलं. नकाशात हिरवा असलेल्या भागात ४०० फुटांपर्यंत. पण गावाला नियमापेक्षा बोलवा आधी पोचते. २०२४च्या पावसाळ्यात मराठवाड्यात आणि पुणे जिल्ह्यातल्या काही गावांत रात्री ड्रोन फिरतात, चोर टेहळणी करतात, अशी चर्चा उठली. वावडी म्हणजे मूळचा पतंगच. तेव्हा खऱ्या अर्थानं वावड्या उडाल्या. आमच्याकडे दोन रविवार पोलीसपाटील माळावर येऊन बसले. तिसऱ्या रविवारी त्यांनी विचारलं, "आमच्या नातवाला शिकवता का?" नातू तीन दिवस आला. आपटणं त्याला आवडलं, चिकटवणं नाही.

आता ऑक्टोबर. त्याच वर्षीचा, दसरा होऊन गेलेला. पाऊस गेला की आमच्याकडे पंधरा-वीस दिवस असे येतात की आकाश धुतलेलं असतं, ऊन बोचतं आणि जमीन अजून वर्षाचं पाणी पोटात धरून असते. रब्बीसाठी नांगरलेली रानं काळी पडलेली, मध्ये हिरवे उसाचे चौकोन. थर्मलसाठी याहून चांगली शेती असू शकत नाही. साडेअकराला ग्लायडर सोडला आणि तिसऱ्याच वळणाला त्याचा पंख उचलला. वळवला. दुसऱ्या घिरटीत तो वर जाताना नुसत्या डोळ्यानं दिसत होता. सेकंदाला दीड मीटर धरा, दीड मिनिटात चारशे फूट. तिथे मी बाहेर पडायला हवं होतं. नियम होता म्हणून, आणि अक्कल होती म्हणूनही. पण वर तीन घारी होत्या. मी म्हटलं, अजून एक वळसा.

दुकानातल्या तक्त्यावरच्या ६/६च्या ओळीतलं अक्षर नऊ मिलिमीटरचं असतं, आणि त्याची एक रेघ डोळ्याशी एक मिनिटाचा कोन करते, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग. निरोगी डोळ्याची तिथे हद्द. माझ्या ग्लायडरचा पंख १८ सेंटिमीटर रुंद. सहाशे मीटरवर तोही बरोबर एक मिनिट होतो. त्याच्या पुढे पंखाची जाडी, रंग, उलटा की सुलटा, येतोय की जातोय, काही कळत नाही. नुसती एक रेघ, कधी असते, कधी नसते. हा हिशोब मी नंतर केला. त्या वेळी एवढंच दिसलं की रेघ नाहीशी झाली आणि परत आली नाही.

उंचावरून खाली आणायला नाक खाली दाबायचं नसतं. वेग वाढतो आणि पंख थरथरून तुटतो. एलिव्हेटर, म्हणजे शेपटीची आडवी पट्टी, पूर्ण वर, रडर, म्हणजे उभी पट्टी, पूर्ण एका बाजूला, म्हणजे विमान गिरकी घेत पानासारखं गळतं आणि वेग फार वाढत नाही. मी ते केलं. काड्या कोपऱ्यात दाबून धरल्या आणि मोजत राहिलो. मग चूक केली, त्याला शोधायला नजर सूर्याकडून नेली. डोळ्यांपुढे हिरवा डाग. डाग विरायच्या आत खालच्या बाजूला, क्षितिजालगत, पांढरं काही तरी दोनदा चमकलं आणि आबांच्या भावकीतल्या उसामागे गेलं.

अशा वेळी जागचं हलायचं नाही, हा धडा ज्वारीत शिकलो होतो. जिथे उभे आहोत तिथे दगड ठेवायचा, शेवटचं जिथे दिसलं त्या रेषेत लांबची खूण धरायची. माझी खूण विजेचा तिसरा खांब. बरोबरच्या पोरांना दगडावर उभं केलं आणि मी रेषेत चालत गेलो. उसाच्या बांधापर्यंत रेष होती. आत कसली रेष? सरीतून चाललं तरी आडवे पडलेले ऊस वळवतात, पानांच्या कडा हातावर करवतीसारख्या ओढल्या जातात, घामात ते झोंबतं. रिमोट बंद केला की ईएससी थोड्या वेळानं पीं-पीं करायला लागते, त्या आवाजाच्या आशेवर मी श्वास धरून उभा राहायचो. वाऱ्यानं पानं वाजायची. उसात उभं राहिलं की चारी बाजूंनी पाऊस पडतोय असं वाटतं. एकदा पीं ऐकू आलं, मी पन्नास पावलं त्या दिशेनं घुसलो, तर तो कुठला तरी किडा होता.

चार वाजता आबांनी बांधावरून हाक मारली, "ए, भाईर ये. तिथं बिबट्या हाय."

"खरंच आहे का?"

"आसंल न्हाई तर नसंल. तू भाईर ये."

पुढचे तीन रविवार गेलो. एकदा ड्रोनवाल्या फोटोग्राफरला आणलं, लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्याला. वरून सगळा ऊस सारखा. नोव्हेंबरात तुरे आले आणि सगळंच पांढरं झालं. मग मी सोडून दिलं. दुकानात एकानं विचारलं, "काय हो, सापडलं का तुमचं?" मी म्हटलं, कारखान्याची तोड येईल तेव्हा बघू. असं म्हणतात तेव्हा आमच्याकडे कुणी बघायला जात नाही.

फेब्रुवारीत, भर दुपारी, दुकानात गर्दी असताना आबांचा फोन आला. "तुजं इमान घावलं बग." फोन ठेवला. त्यांच्या दृष्टीनं बोलणं संपलं होतं.

गेलो तेव्हा टोळी दुसऱ्या तुकड्यावर सरकली होती. बीडकडची माणसं, दोन बैलगाड्या उसानं भरून उभ्या. ग्लायडर एका गाडीच्या साटीला टेकवून ठेवला होता, नीट, कुणी तरी पंखावरची माती पुसलेली. ज्या बाईला सापडला ती म्हणाली, "म्या म्हनलं बगळा मेलाय. कोयता लावनार होते." तिनं लावला नव्हता. शेपटी उंदरांनी कुरतडलेली, बॅटरी फुगून पावासारखी, सर्वोत मुंग्यांची अंडी. पंख मात्र धडका खाऊनही एकसंध. मी पैसे पुढे केले, तिनं नवऱ्याकडे पाहिलं, त्यानं मुकादमाकडे, मुकादम म्हणाला, "पोरान्ला खाऊ आना." आणला.

मग मी जिथे सापडला ती जागा पाहायला गेलो. ऊस नव्हता. जमीन उघडी, पाचट पेटवून दिलेलं, वर काळी राख, मध्ये खोडक्यांच्या ओळी. दगड अजून माळावर होता. तिथून तिसऱ्या खांबाची रेष धरली आणि पावलं मोजत आलो. ऑक्टोबरात मी ज्या पट्ट्यात चार दिवस हात फाडून घेतले तो पट्टा रेषेवरच होता. विमान त्याच रेषेवर एकशे चाळीस पावलं पुढे पडलं होतं. दिशा बरोबर, अंतर खोटं. आकाशात पाठीमागे काही नसलं की डोळ्याला अंतर कळत नाही, हे मी लोकांना सांगू शकलो असतो.

आबा काठी टेकत आले. राखेवरून गरम हवा पायांना लागत होती. एक राखेचं पान उचललं गेलं, गुडघ्याएवढं, मग डोक्याएवढं, आणि थांबलं नाही. वर दोन घारी आल्या होत्या, बरोबर त्या तुकड्यावर.

"दुसरं आणलंयस का?" आबांनी विचारलं.

गाडीत होतं.